नऊ महिन्यांची शिदोरी

रावपुऱ्यातील एका भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा येत्या सप्टेंबरात एक वर्षाच्या एम. एस्सी.साठी लंडनला निघाला आहे. विद्यापीठाची फी बँकेच्या कर्जातून भागणार असून त्यासाठी राहते घर तारण ठेवले आहे. पत्राच्या अखेरीस त्या विचारतात, "त्याला दरमहा किती पैसे लागतील, म्हणजे त्याचेही हाल होणार नाहीत आणि आम्हीही बुडणार नाही? व्हिसाच्या कागदावर एक आकडा दिला आहे. तोच धरून चालावे काय?"

या सदरात आजवर वाणसामानाचे, लग्नकार्याचे, आजारपणाचे, एवढेच काय पण सत्यनारायणाच्या प्रसादाचेही हिशेब मांडून झाले. परगावी शिकणाऱ्या मुलाचा हिशेब मात्र मी आजपर्यंत टाळत आले. एकदा तो माझा चुकला आहे आणि ती चूक दुसऱ्या कोणावर ढकलता येण्यासारखी नाही. त्याविषयी पुढे लिहितेच. प्रथम त्या आकड्याचे पाहू.

ब्रिटनचे सरकार व्हिसा देण्यापूर्वी विद्यार्थ्याकडे राहण्या-खाण्यापुरते पैसे आहेत की नाहीत हे पाहते. लंडनसाठी ही रक्कम नोव्हेंबर २०२५ मध्ये वाढून दरमहा १,५२९ पौंड झाली, आणि ती जास्तीत जास्त नऊ महिन्यांची, म्हणजे १३,७६१ पौंड, दाखवावी लागते. ते पैसे सलग २८ दिवस खात्यावर असावे लागतात. येथवर सारे सरळ आहे. घरोघरी गफलत होते ती यानंतर. वडील मंडळी समजतात की सरकारनेच हिशेब करून दिला आहे, तेव्हा तेवढ्यात वर्ष निघणारच. पण सरकारला हवा असतो पुरावा. मुलाच्या संसाराचे अंदाजपत्रक मांडून देणे हे त्याचे काम नव्हे. एम. एस्सी.चा अभ्यासक्रम बारा महिन्यांचा असतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा करारही बहुधा पन्नास-एक्कावन आठवड्यांचा असतो. सरकारच्याच दराने बारा महिन्यांचे १८,३४८ पौंड होतात. मधली तूट ४,५८७ पौंडांची. ही तूट पहिल्या दिवसापासून कागदावर असते. ती दिसते मात्र मे महिना उजाडल्यावर.

दुसरी गफलत आठवड्याची. आपल्याकडे भाडे महिन्याचे असते, तिकडे पुष्कळदा आठवड्याचे सांगतात. खोलीचे भाडे आठवड्याला २२० पौंड आहे असे समजा. (हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. शहराच्या मध्यभागी याहून पुष्कळ अधिक पडते.) आपण लगेच चाराने गुणून महिन्याचे ८८० धरतो. परंतु वर्षाचे आठवडे ५२. २२० ला ५२ ने गुणून १२ ने भागले तर महिन्याचे ९५३ येतात. वर्षाअखेर ८८० पौंडांचा फरक पडतो, म्हणजे बरोबर चार आठवड्यांचे भाडे. तोंडी हिशेब करणारी आमची पिढी अशा ठिकाणी हमखास फसते, आणि हुशार मुलेही फसतात, कारण गणित सोपे आहे म्हणून ते कोणी मांडूनच पाहत नाही.

शिवाय वसतिगृहाचे भाडे कित्येकदा महिन्याच्या महिन्याला द्यायचे नसून सत्राच्या आरंभी एकरकमी द्यायचे असते. तेव्हा घरून दरमहा ठरावीक रक्कम पाठवण्याची पद्धत तेथे चालत नाही. ऑक्टोबर आणि जानेवारीत मुलाच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम लागते, आणि मधल्या महिन्यांत थोडकी पुरते. करार हाती येताच हप्त्यांच्या तारखा आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवाव्यात.

पहिला महिना तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. खाजगी घरात खोली घेतल्यास अनामत रक्कम आली. इंग्लंडात २०१९ च्या कायद्यान्वये ती सर्वसाधारण घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि घरमालकाला ती तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. आपल्या उदाहरणात हे ११०० पौंड झाले. ते शेवटी परत मिळतात खरे, पण 'शेवटी' म्हणजे वर्ष संपल्यावर. त्यात गादीच्या चादरी, पांघरूण, दोन पातेली, पावसाचा आणि थंडीचा कोट. शिवाय तेथील सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबर आधीच भरावा लागतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे. पण एक वर्षाच्या अभ्यासक्रमालाही व्हिसा वर्षाहून काही महिने अधिक मुदतीचा मिळत असल्याने प्रत्यक्षात दीडपट, ११६४ पौंड जातात. एवढे भरूनही दातांचे उपचार आणि चष्मा यांचा खर्च सुटत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत आणि चष्म्याची एक जोडी जादा करून घ्यावी. बडोद्यात हे काम दोन दिवसांत होते.

आता माझ्या चुकीविषयी.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सप्टेंबर २०२२ मध्ये असाच लंडनला गेला. त्या काळी व्हिसाचा आकडा दरमहा १,३३४ पौंड होता. नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड घेऊन तो निघाला. निघण्यापूर्वी आठ दिवस तो माझ्याकडे येऊन बसला आणि मी त्याला वही घालून दिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाचे सहा रकाने. दर रविवारी बेरीज. महिनाअखेर त्याचा फोटो मला पाठवायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी स्वतः हाच शिरस्ता पाळत आले आहे. पोरगा वहीला चिकटला याचे मला फार कौतुक वाटले.

तो वर्षाव महागाईचा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधील महागाईचा वार्षिक दर ११.१ टक्क्यांवर गेला होता, गेल्या चाळीस वर्षांतला तो उच्चांक. अशा दिवसांत माझ्याकडे पहिली पाने आली. जेवणाच्या रकान्यात ऑक्टोबरात आठवड्याचे ३८ पौंड होते. डिसेंबरात ३१ झाले. फेब्रुवारीत २४. मार्चच्या शेवटी १७. बाकी साऱ्या जगाचे भाव चढत असता आमच्या भाच्याचा आकडा उतरत होता, आणि प्रत्येक पानाखाली मी त्याला उत्तर लिहीत होते, 'शाब्बास!' एकदा तर घरातल्या सर्वांसमोर ते पान फिरवून मी म्हटले की, पाहा, याला म्हणतात काटकसर.

मे महिन्यात आमच्या जुन्या शेजारणीच्या मुलीने, ती लग्नानंतर वेंबलीत राहते, त्याला रविवारी जेवायला बोलावले. त्या रात्री माझ्या भावजयीला तिचा फोन आला. "मावशी, रागावू नका, पण तो नीट जेवतो का तिकडे? तिसऱ्यांदा भात घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कसंसंच झालं."

मग सारे उलगडले. नोव्हेंबरातच त्याच्या ध्यानात आले होते की पैसे नऊ महिन्यांचे आहेत आणि खोली बारा महिन्यांची. भाडे कमी करता येत नव्हते, करार झालेला होता. फी भरलेली होती. बसचा पास लागतच होता. वहीत हलवता येण्यासारखा रकाना एकच होता, तो जेवणाचा. तेथून तो उन्हाळ्याचे भाडे साठवीत होता. दुपारचे जेवण त्याने जानेवारीपासून सोडले होते. वडिलांनी घर तारण ठेवलेले. त्यांच्याकडे आणखी मागायचे कसे, हा त्याचा प्रश्न. मी फोनवर त्याला म्हटले, "अरे, निदान मला तरी सांगायचंस." तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आत्या, तू दर वेळी शाब्बास लिहायचीस. मग कसं सांगणार?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. भावाने मुदतीची एक ठेव मोडली आणि पंधरा दिवसांत पैसे गेले. व्याजाचे थोडे नुकसान झाले, एवढेच. पैसे घरात होते. घर तारण ठेवणाऱ्या बापाने सहा महिने आधी कळते तर तीच ठेव आनंदाने मोडली असती. मुलगा पास झाला, पण जूनमध्ये हिमोग्लोबिनचा जो आकडा आला तो मी कोणत्याही रकान्यात लिहिलेला नाही.

अशा प्रसंगी आपल्या बडोद्यात हटकून एक उदाहरण दिले जाते आणि मला त्याविषयी थोडे वेगळे म्हणायचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे लंडनमध्ये ते सकाळी घरमालकिणीने दिलेल्या जुजबी न्याहारीवर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत, ते बंद होईपर्यंत. बसचे पैसे वाचवण्यासाठी पायी चालत, आणि रात्री पापडावर भूक मारीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे ऐकवून मुलांना म्हणतात, "पाहा, त्यांनी उपाशी राहून विद्या मिळवली!" मुले मान डोलावतात आणि आमच्या भाच्यासारखी एखादी ते मनावर घेतात.

पण त्याच चरित्रातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. शिष्यवृत्तीची वाढीव मुदत १९१७ मध्ये संपली, म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्याच वर्षी बडोद्यात नोकरीवर आले असता जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतील त्या झाडाखालच्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो. पुन्हा लंडन गाठायला त्यांना १९२० साल उजाडले. त्यासाठी त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि नवल भाथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले. म्हणजे दुसऱ्या खेपेला त्यांनी आधी पैशाची तजवीज केली, उघडपणे मागितले, आणि मग बोट धरली. उपासमार त्यांच्या वाट्याला आली होती. ती त्यांची पद्धत नव्हती. आणि काटकसरीत पुस्तकांना त्यांनी हात लावला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली तो प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. रुपया आणि पौंड यांचा भाव मनाला किती छळतो, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक असणार. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, जेथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आपले चिरंजीव तेथे जातीलच. गेल्यावर घर पाहावे; पापडाचा धडा मात्र घेऊ नये.

तेव्हा, भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. व्हिसाचा आकडा दरमहाचा म्हणून धरायला हरकत नाही, मुलगा बेताने राहिला तर त्यात भागते. पण तो बाराने गुणा आणि वर पहिल्या महिन्याची अनामत आणि सामान यांची वेगळी रक्कम धरा. एवढी जुळत नसेल तर आताच, तो येथे असतानाच बँकेशी बोलून कर्जाची रक्कम वाढवून घ्या, किंवा कोणती ठेव केव्हा मोडायची ते ठरवा आणि ती तारीख मुलाला सांगा. 'पाहू पुढे' असे म्हणू नका. त्या दोन शब्दांचा अर्थ मुले आपल्या पोटावर काढतात.

उन्हाळ्यात नोकरी करून तूट भरून काढीन, असे तो म्हणत असेल. पदवी आणि त्यावरील शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना तेथे सत्र चालू असता आठवड्याला वीस तास काम करता येते. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स ठरले, तेव्हा रक्कम तुच्छ नाही. पण एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे. प्रबंध लिहिण्याचे ते महिने सत्रातच मोडतात, म्हणून वीस तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. हे कित्येकांना तेथे गेल्यावर कळते. शिवाय स्वतंत्र धंदा करण्यास विद्यार्थ्याला पूर्ण मनाई आहे. सायकलवरून घरोघर जेवण पोचवण्याचे काम बहुधा याच सदरात मोडते, आणि हाताला चव असली तरी घरी डबे करून विकणेही तसेच. असल्या कामापायी व्हिसा गेला तर तारण ठेवलेले घर कशासाठी ठेवले होते? नोकरी मिळाली तर ते पैसे वरचे समजावेत. त्यांवर भाडे अवलंबून ठेवू नये.

जेवणाचा रकाना कसा ठेवावा, हे आता मी वेगळ्या रीतीने सांगते. भाड्याच्या लगेच खाली तो लिहावा आणि त्याची खालची मर्यादा पहिल्या दोन महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च पाहून ठरवावी. त्या मर्यादेच्या खाली आकडा गेला तर ती बचत समजायची नाही. ते आजारपण समजून विचारपूस करायची. वर गेला तर एखाद महिना काही बोलू नये. घरी स्वयंपाक केला तर लंडनमध्येही जेवण फार महाग पडत नाही. पीठ, डाळ, तांदूळ वेंबली, साउथॉल किंवा टूटिंगला मोठ्या पिशव्यांनी मिळतात. तीन-चार मुलांनी मिळून आणावेत. मोठ्या दुकानांत संध्याकाळी त्या दिवशी खपवायच्या दुधा-पावावर उतरलेल्या किमतीची पिवळी चिठ्ठी लावतात, ती वेळ मुलांना आठवडाभरात पाठ होते. लंडनच्या बसला अंतर कितीही असो भाडे एकच, आणि तासाभरात दुसरी बस बदलल्यास तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. भुयारी गाडीपेक्षा वेळ लागतो, पण जाताना पुस्तक वाचता येते. विद्यार्थ्यांच्या ओळखकार्डावर मुदतीच्या पासात ३० टक्के सूट आहे. पूर्ण वेळ विद्यार्थीच राहत असलेल्या घराला नगरपालिकेचा कर माफ असतो, पण त्यासाठी विद्यापीठाचे पत्र वेळेवर द्यावे लागते. घरात एक जरी नोकरदार राहत असला तर कराचे बिल येते. खोली घेताना सोबत कोण राहते, हे म्हणून विचारून घ्यावे. वीज-गॅस भाड्यात धरलेले आहे की नाही, हेही.

दुकानात उभे राहून प्रत्येक वस्तूचे रुपये करण्याची सवय मात्र त्याला येथूनच मोडायला सांगा. पौंडाला शंभराहून बरेच अधिक रुपये पडतात. दुधाच्या बाटलीसमोर हा गुणाकार करणारा मुलगा दूध घेतच नाही. रुपयांचा हिशेब आपण करावा, पैसे पाठवण्याच्या दिवशी, एकदाच. त्याने पौंडातच मिळवावे आणि पौंडातच खर्चावे.

वही त्याला अवश्य घालून द्या. पान आले की आधी बेरीज पाहू नका, जेवणाचा रकाना पाहा. आणि दर महिन्याला त्याने वहीच्या तळाशी एक ओळ लिहावी असे ठरवून टाका: हातचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत पुरतील. रक्कम नको, तारीख हवी. माझ्या भाच्याकडून मी ही एक ओळ मागितली असती तर नोव्हेंबरातच 'मे अखेर' असे दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोर आले असते. शाब्बास लिहायला मग जागाच उरली नसती.

भाचा आता तिकडेच नोकरीला आहे. मागच्या दिवाळीला आला तेव्हा वजन मला न विचारता त्यानेच सांगितले. वही अजून लिहितो की नाही, हे मी विचारलेले नाही.

पत्रात आपण कुकरचे विचारले आहे. न्यावा. तीन लिटरचा पुरतो, पण इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या बुडाचा घ्या, कारण वसतिगृहांत बहुतेक ज्योत नसते. रिंग दोन जादा द्या. आणि फोडणी करताना खिडकी उघडायला सांगा. तेथे छताला धुराची घंटा असते. ती वाजली की साऱ्या मजल्याला थंडीत खाली उतरावे लागते, आणि मग जिरे-मोहरीचा हिशेब सर्वांपुढे द्यावा लागतो.